नकाशावरचे हिरवे ठिपके

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये दोन लिव्हर असतात. डाव्या हाताच्या लिव्हरने क्रेनचा आडवा लांब दांडा फिरतो आणि त्यावरची ट्रॉली मागेपुढे सरकते. उजव्या हाताच्या लिव्हरने हूक खाली-वर होतो. नवशिका ऑपरेटर एका वेळी एकच काम करतो: आधी उचलतो, मग फिरवतो, मग ट्रॉली सरकवतो. मुरलेला ऑपरेटर तिन्ही एकदम करतो. दोन हात दोन वेगळी कामं करत असतात आणि खालून बघणाऱ्याला वाटतं, लोड आपल्याच मर्जीने जागेवर निघालाय.

त्या बांधकामावरची सर्वांत मुरलेली ऑपरेटर एक्केचाळीस वर्षांची बाई होती. तिला सगळे वहिनी म्हणायचे, कारण खालून वॉकीटॉकीवर तिला हुकूम देणारा सिग्नलमन तिचा सख्खा दीर होता आणि त्याच्या तोंडचं 'वहिनी' दिवसभर सगळ्यांच्या कानावर पडायचं. साठीला आलेला मुकादमही तिला वहिनीच म्हणायचा. "अहो, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे," असं तिने एकदा म्हटलं, तर तो म्हणाला, "इतक्या उंचावर बसलेल्या माणसाचं वय खालून दिसत नाही, वहिनी." चौदा वर्षांत तिच्या हातून एकही लोड पडला नव्हता, की कुठे घासला नव्हता.

एका मंगळवारी सकाळी सव्वासहाला, स्वयंपाकघरात उभी असताना, तिच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. मग मनगट, मग कोपर. कप खाली पडून फुटला. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने आधी तिला धरलं आणि मग सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चाळीस सेकंद. त्याच आठवड्यात तपासण्या झाल्या आणि मेंदूच्या उजव्या बाजूला, पुढच्या भागात, लिंबाएवढी गाठ निघाली.

सर्जनची खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा. सर्जन पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे होते आणि एका प्रश्नाचं उत्तर संपल्याशिवाय दुसऱ्याला हात घालत नसत.

"गाठ सावकाश वाढणारी दिसते. ही चांगली गोष्ट. ती बसलीय कुठे, ही वाईट गोष्ट." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही पट्टी तुमचा डावा हात हलवते. हिला धक्का लावायचा नाही, हे ठरलेलंच. पण तिच्या अगदी पुढे हा जो भाग आहे ना, तो हाताला 'चल, सुरू कर' म्हणतो. दोन हातांनी दोन वेगळी कामं करायची तर वाटणी हाच करून देतो. गाठ याच्यात शिरलीय."

"मग गाठीबरोबर हाही जाणार?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या मांडीवर वही उघडी होती.

"थोडा गेला तर मेंदू भरून काढतो. जास्त मागे गेलो तर नाही. उलट कमी काढली, तर उरलेली गाठ लवकर वाढते. म्हणजे प्रश्न एकच आहे, कुठपर्यंत? गाठ काढणं माझ्या हातात आहे. कुठे थांबायचं, ते यांच्या मेंदूलाच विचारावं लागेल."

"विचारा की," वहिनी म्हणाली. "पण मला केबिनमध्ये परत जाता येईल का, तेवढं सांगा."

"दोन वर्षं एकही झटका आला नाही तर वैद्यकीय मंडळ विचार करेल. हातच नसेल तर मंडळापर्यंत जायचं कारण उरत नाही."

"म्हणजे हात हवा."

"हात हवा आणि गाठ नको. दोन्ही एकदम."

"चौदा वर्षं तेच करतेय," वहिनी म्हणाली.

विचारायची पद्धत अशी होती. ऑपरेशनच्या आधी मेंदूचा नकाशा काढायचा, त्यावर रेषा आखायची आणि मग ऑपरेशनच्या मध्यावर रोग्याला जागं करून, त्याच्याकडून काम करवून घेत, त्या रेषेपर्यंत जायचं. नकाशाचं काम एका तरुण थेरपिस्टकडे होतं. तिने पहिल्या दिवशी नेहमीच्या चाचण्या घेतल्या: मूठ उघडा-मिटा, अंगठ्याला एकेक बोट लावा, टेबलावर ताल धरा.

"हे तर माझी सासूही करेल," वहिनी म्हणाली.

"माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे," दीर म्हणाला. "तिच्यात आणि तुझ्यात एवढाच फरक, की ती ऐकते."

थेरपिस्ट हसली नाही. ती वहिनीच्या हातांकडे बघत होती. "तुम्ही कामावर नक्की काय करता? मला करून दाखवा." वहिनीने हवेतल्या हवेत दोन लिव्हर धरले आणि एक लोड उचलून, फिरवून, ट्रॉली सरकवत खाली ठेवला. थेरपिस्टने तिला ते तीनदा करायला लावलं. मग म्हणाली, "नेहमीच्या चाचण्यांत हे कुठेच येत नाही. असे लिव्हर मिळतील का?"

दीर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमधून जुन्या क्रेनची खुर्ची लिव्हरांसकट टेम्पोत घालून घेऊन आला. हॉस्पिटलच्या संगणक विभागाने ती पडद्याला जोडली. पडद्यावर एक इमारत, एक हूक, एक लोड आणि जमिनीवर एक गोल. लोड गोलात उतरवायचा. वहिनीने खुर्चीत बसल्याबसल्या सांगितलं की उजवा लिव्हर सैल आहे आणि स्क्रू आवळल्याशिवाय हात लावणार नाही. स्क्रू आवळला गेला.

गुरुवारी चाचणी झाली. तिच्या डोक्यावर इंग्रजी आठच्या आकाराचं, तळहाताएवढं चुंबकाचं वेटोळं धरायचं आणि 'टक' आवाजाबरोबर क्षणभर चालू करायचं. त्याच्या खालचा मेंदूचा ठिपका तेवढ्यापुरता गोंधळतो. तो ठिपका चालू कामात गुंतलेला असेल तर काम अडखळतं. अशा चौसष्ट जागा तपासायच्या होत्या. हुकूम कोणी द्यायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी देतील. दुसऱ्याचा आवाज मला कळत नाही." दीर शेजारच्या खोलीत तसंच चित्र दाखवणारा दुसरा पडदा बघत वॉकीटॉकीवर बसला. लोड गोलात पडला की जागा हिरवी, चुकला की लाल. अडीच तासांत काम आटोपलं. चौसष्टपैकी पाच लाल, आणि पाचही मागच्या, आधीच माहीत असलेल्या पट्टीवर. बाकी सगळं हिरवं.

शुक्रवारी चार वाजता सर्जननी सगळ्यांना बोलावून नकाशा पडद्यावर लावला.

"अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं आहे," ते म्हणाले. "गाठीने तुमच्या मेंदूला काम दुसरीकडे हलवायला लावलेलं दिसतंय. तसं होतं कधीकधी. मी इथपर्यंत जाऊ शकतो." त्यांनी अगदी मागे एक रेषा ओढली. "अठ्ठ्याण्णव टक्के निघेल."

नवऱ्याने अठ्ठ्याण्णव लिहून त्याभोवती चौकट काढली. वहिनी दोन आठवड्यांत पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

दीर उभाच होता. तो नकाशाजवळ गेला. "बाविसाव्या जागेवर हिरवं कसं काय?"

"लोड गोलात पडला," थेरपिस्ट म्हणाली.

"पडला. पण मी थांबलो होतो ना."

"थांबलात म्हणजे?"

"भाऊजी, बसा खाली," वहिनी म्हणाली.

"नाही बसत. डॉक्टर, बाविसावर हिचा डावा हात अडला होता. तेविसावर पण. तीसच्या पुढे तर ओळीने चार-पाच ठिकाणी. डावा अडला की ही उजव्याने वेळ काढते. हूक हवेतच धरून ठेवते. डावा सुटला की दोन्ही मिळून भरून काढते. आणि ही वेळ काढतेय हे मला कळतं, मग मी पुढचा हुकूम देत नाही. तिचं झालं की देतो. लोड गोलात पडणारच."

"किती वेळ थांबता?"

"दीड सेकंद. फार तर दोन."

"चाचणीत असं करायचं नाही, हे तुम्हाला कळलं नाही?"

"मी करतोय हेच मला आत्ता कळतंय," दीर म्हणाला. "साइटवर असंच करतात. चांगला सिग्नलमन ऑपरेटरला तोंडघशी पाडत नाही."

सर्जननी हातातला पेन टेबलावर ठेवला. "हे कधीपासून चाललंय?"

दीरच म्हणाला, "झटक्याच्या आधीपासून. चारेक महिने झाले असतील. मला वाटलं, थकलीय."

नवऱ्याने वही मिटली. "चार महिने? घरात मला एका शब्दाने नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तक्ता केला असता," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"केला असता! आणि तीन महिन्यांपूर्वी इथे आलो असतो!"

सर्जननी आपली रेषा पुसली. मग सगळे हिरवे ठिपकेही. आवाज त्यांनी चढवला नाही. "हा नकाशा बाद. यावर विसंबून मी कापलं असतं तर हात गेला असता, आणि आपण सगळे म्हणालो असतो की नशीब."

"आणि अठ्ठ्याण्णवचं काय?" वहिनीने विचारलं.

"ते या नकाशाचं होतं. खरा आकडा मला माहीत नाही."

बाहेर व्हरांड्यात तिने दिराला गाठलं. "चहाडी केलीत."

"केली."

"गाठ जवळजवळ सगळी निघत होती."

"हातासकट निघत होती. वहिनी, क्रेनच्या दोराची एक तार तुटलेली दिसली तर मी काय करतो?"

"क्रेन बंद करता."

"आणि तू वरून काय करतेस?"

"शिव्या देते."

"मग दे."

तिने दिल्या नाहीत. त्यापुढचे दोन दिवस तिने दिराला चहा दिला, पण साखर न घालता. दिरानेही तो निमूट प्यायला. शनिवारी तो मुकादमाला भेटला आणि चार महिन्यांची गोष्ट त्यालाही सांगितली. त्या चार महिन्यांत लोडखालून रोज शंभर माणसं जात होती. मुकादमाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, आठवडाभर त्याला कामावरून घरी बसवलं आणि वर म्हणाला, "आठ दिवसांनी ये. खोटं बोलणारा असतास तर येऊच नको म्हटलं असतं."

दुसरी चाचणी सोमवारी ठेवली. या वेळी थेरपिस्टने सगळं बदललं होतं. दिराचे हुकूम आधीच रेकॉर्ड केले होते आणि यंत्र ते बरोबर चार-चार सेकंदांनी वाजवणार होतं, वहिनी तयार असो वा नसो. लोड कुठे पडला याला आता महत्त्व नव्हतं. कागदावर दोन रेषा उमटणार होत्या, एक डाव्या लिव्हरची, एक उजव्याची, आणि बघायच्या त्या रेषाच.

"आणि एक," थेरपिस्ट म्हणाली. "आज सांभाळून घ्यायचं नाही. हात अडला तर अडू द्यायचा. लोड आपटला तर आपटू द्यायचा."

"चौदा वर्षांत माझा लोड आपटलेला नाही."

"आज आपटू दे. चित्रातलाच आहे."

ऐकायला सोपं होतं. पहिल्या दहा जागांच्या रेषा थेरपिस्टने फाडून टाकल्या, कारण दहाही वेळा उजवा हात डाव्यासाठी थांबला होता. वहिनीला तो थांबलेला कळतही नव्हता. अकराव्याला थेरपिस्टने तिच्या उजव्या मनगटावर नुसतं एक बोट ठेवलं. टक झालं, डावा अडला, उजवा थांबायला गेला, त्याला बोट जाणवलं आणि तो पुढे गेला. पडद्यावरचा लोड इमारतीच्या कठड्यावर जाऊन आदळला. वहिनी खुर्चीतून अर्धी उठली.

"बसा," थेरपिस्ट म्हणाली. "पहिला खरा ठिपका मिळाला."

त्या दुपारी आणखी तेरा लोड आदळले. चाचणी संपल्यावर वहिनीने दोन ग्लास पाणी घेतलं आणि विचारलं, "चित्रात खाली माणसं नव्हती ना?"

नव्या नकाशावर एकूण एकोणीस लाल ठिपके होते. पाच जुने, चौदा नवे. सर्जननी रेषा अकरा मिलिमीटर पुढे आणली. कागदावर अकरा मिलिमीटर म्हणजे बोटाचं पेरही नाही. नवऱ्याने ते पट्टीवर मोजून बघितलं आणि विचारलं,

"आता किती निघेल?"

"नव्वदच्या आसपास. नक्की टेबलावरच कळेल," सर्जन म्हणाले. "आणखी एक आत्ताच सांगून ठेवतो. गाठीबरोबर मी तो 'सुरू कर' म्हणणाऱ्या भागाचा पुढचा तुकडा काढणार आहे. त्यामुळे ऑपरेशननंतर डावा हात काही दिवस रुसेल. अजिबात हलणार नाही. मागची वाट शाबूत राहिली असेल तर तो परत येतो. आठवडा लागतो, कधी दोन."

"आणि वाट शाबूत नसेल तर?" वहिनीने विचारलं.

"तेव्हाही पहिले काही दिवस अगदी असंच दिसतं."

दिराला वेगळंच विचारायचं होतं. "आत 'थांब' कोण म्हणणार?"

"मी ठरवीन कुठे थांबायचं."

"तसं नाही. आमच्याकडे 'थांब' कोणीही म्हणू शकतं. झाडू मारणाऱ्याने म्हटलं तरी क्रेन जागच्या जागी थांबते. का म्हटलं, ते मागाहून विचारायचं."

सर्जननी थोडा विचार केला. "ठीक आहे. आम्ही पाच जण असू. पाचांपैकी कोणीही."

"सहा," वहिनी म्हणाली.

ऑपरेशन बुधवारी सकाळी सुरू झालं. साडेदहाला वहिनीला जाग आणली. ती पाठीवर होती, डोकं चौकटीत पक्कं बसवलेलं, डोळ्यांसमोर पडदा, दोन्ही हातांशी टेबलाला आवळलेले लिव्हर. डोक्याची कातडी बधिर केली होती आणि मेंदूला स्वतःला दुखत नाही. डोक्यामागे ताणलेल्या कापडी पडद्यापलीकडून येणारे आवाज मात्र तिला सगळे ऐकू येत होते.

"कसं वाटतंय?" थेरपिस्टने विचारलं. ती शेजारी स्टुलावर बसली होती, रेषांचा कागद तिच्यासमोर सरकत होता.

"उजवा लिव्हर परत सैल झालाय."

भुलेच्या डॉक्टरांनी स्क्रू आवळला.

सर्जननी विजेच्या बारीक कांडीने उघड्या मेंदूवर एकेक जागा तपासली आणि त्यांवर आकडे लिहिलेले चिमुकले कागद ठेवले. नकाशावरचे लाल ठिपके जवळजवळ सगळे जागच्या जागी निघाले. दोनच थोडे सरकले होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी गाठ काढायला सुरुवात झाली.

"वहिनी, डावीकडे घे," रेकॉर्ड केलेला दीर म्हणाला.

"घेते."

"खाली सोड, खाली सोड."

"एकदा म्हटलेलं कळतं मला."

"ट्रॉली पुढे."

"अहो, श्वास तरी घेऊ द्या," वहिनी म्हणाली, आणि सर्जनसकट सगळे हसले. रेकॉर्ड केलेला दीर चार सेकंदांनी पुढचा हुकूम देता झाला. खरा दीर खाली वाट बघायच्या खोलीत भावाशेजारी बसला होता.

एक वाजेपर्यंत गाठीचा बराचसा भाग निघाला. दोन्ही रेषा एकमेकींना धरून चालल्या होत्या. सर्जन गाठीच्या पोकळीच्या मागच्या भिंतीशी, आखलेल्या रेषेच्या जरा अलीकडे होते आणि इथून पुढे मिलिमीटर-मिलिमीटर जायचं होतं. थेरपिस्ट दर हुकुमागणिक सांगत होती, "चांगलं. चांगलं. चांगलं." सर्जन म्हणाले, "असंच राहिलं तर आपण रेषेच्या पलीकडेही थोडं जाऊ शकू. पंचाण्णव मिळतील." वहिनीने ते ऐकलं.

"चांगलं," थेरपिस्ट म्हणाली. "चांगलं."

एक वाजून पंचवीस मिनिटांनी वहिनी म्हणाली, "थांबा."

सर्जनचा हात थांबला.

"दुखतंय का?"

"नाही."

थेरपिस्टने कागद पुन्हा तपासला. "रेषा उत्तम आहेत. डावा वेळेवर, उजवा वेळेवर."

"डावा वेळेवर येतोय, कारण मी त्याला आधी सोडतेय," वहिनी म्हणाली. ती सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत होती. "हुकूम पाठ झालेत मला. डावीकडे घे, मग खाली सोड, मग ट्रॉली. पुढचा कुठला ते माहीत असतं. हात जड लागायला लागला, म्हणून मी हुकूम यायच्या आधीच त्याला निघ म्हणतेय. मघापासून. पाच-सहा वेळा झालं. परत सांभाळून घ्यायला लागलेय मी."

पंचाण्णव नुकतेच तिने आपल्या कानांनी ऐकले होते.

"क्रम बदला," सर्जन म्हणाले.

थेरपिस्टने रेकॉर्डिंगमधले हुकूम पिसले. आता कोणता कधी येईल ते कोणालाच माहीत नव्हतं. "ट्रॉली मागे," दीर म्हणाला. उजवी रेषा सुरळीत चालत राहिली. डावी तशीच आडवी पडून राहिली. एक सेकंद. दोन. मग उठली.

"दोन पूर्णांक एक," थेरपिस्ट म्हणाली.

सर्जननी कांडी घेतली, मागच्या भिंतीवर टेकवली आणि वीज अगदी कमी केली. एवढ्या कमी विजेला हाताने दाद द्यायची, तर हाताकडे जाणारी वाट खेटूनच असावी लागते. वहिनीचा डावा अंगठा टुणकन उडाला.

"दोन मिलिमीटर. फार तर तीन," सर्जन म्हणाले. त्यांनी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "इथेच थांबतो आपण."

"किती राहिली?" वहिनीने विचारलं.

"पातळ चकती. लिंबाच्या सालीएवढी जाड."

"राहू दे. लक्ष ठेवा तिच्यावर."

"ठेवू," सर्जन म्हणाले. मग कापडी पडद्याच्या पलीकडून पुन्हा त्यांचा आवाज आला, आधीपेक्षाही हळू. "वीस वर्षं मी हे काम करतोय. रोग्याने स्वतःची अशी चूक पकडून दिलेली पहिल्यांदा बघतोय."

"माझं कौतुक मागाहून करा. आधी बंद करा, थंडी वाजतेय."

गुरुवारी सकाळी डावा हात पांघरुणावर पडून होता. बोट हलत नव्हतं. सांगितलेलं होतं, तरी सांगितलेलं आणि दिसलेलं यांत फरक असतो. शुक्रवारी तेच. शनिवारी, रविवारी तेच. नवऱ्याने तक्ता केला होता: सकाळ, दुपार, संध्याकाळ. सगळीकडे शून्य. वहिनीने पाचव्या दिवशी तो तक्ता भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला. सर्जन रोज यायचे, हात तपासायचे आणि म्हणायचे, "वाट आपण शाबूत सोडली आहे." सातव्या दिवशी ती म्हणाली, "रोज तेच वाक्य म्हणता, शाळेतल्या प्रार्थनेसारखं." ते म्हणाले, "दुसरं खरं वाक्य माझ्याकडे नाही."

नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, दीर खाटेशेजारी बसला होता आणि साइटवरच्या नव्या ऑपरेटरची गाऱ्हाणी सांगत होता. तो आधी उचलतो, मग फिरवतो, मग ट्रॉली सरकवतो. एक बादली काँक्रीट पोचेपर्यंत सुकायला लागतं. परवा तर लोड हवेत ठेवून शिंकत बसला.

"शिंक आली तर काय करेल बिचारा?"

"एका हाताने शिंकावं. तू नाही का..." दीर बोलताबोलता थांबला. "वहिनी, हलू नकोस."

"का? काय झालं?"

"बाटली कोणी धरलीय?"

वहिनीने खाली बघितलं. उजवा हात पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. बाटली डाव्या हाताच्या मुठीत होती. पाची बोटं तिच्याभोवती आवळलेली. तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं. हाताने आपणहून बाटली धरली होती.

ती मोठ्याने, तोंड वर करून हसली. समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई दचकून उठल्या. दीर उभा राहून ओरडला, "सिस्टर! अहो सिस्टर!" आणि सिस्टर पळत आल्या, कारण असं ओरडल्यावर वॉर्डात सहसा वाईटच झालेलं असतं. नवरा जिन्याखाली फोनवर होता. त्याला भावाने वरून हाक मारली, "दादा, तक्ता आण!" आणि विज्ञानाचा मास्तर दोन-दोन पायऱ्या चढत, चप्पल एक पायात आणि एक जिन्यात, वर आला. बाटली अजून डाव्या हातात होती. वहिनी ती खाली ठेवायला तयार नव्हती.

संध्याकाळी सर्जननी आपली दोन बोटं तिच्या डाव्या मुठीत दिली. "दाबा." तिने दाबली. "आणखी." तिने दाबली. "पुरे, पुरे. उद्या सकाळी मला ही बोटं लागणार आहेत." ते मागे वळले तेव्हा दारात थेरपिस्ट उभी होती आणि उघडउघड रडत होती. सर्जन तिला म्हणाले, "रेषा तुझी होती," आणि पुढच्या रोग्याकडे गेले.

तीन आठवड्यांत हात पूर्ण आला. तपासणीत गाठ त्र्याण्णव टक्के निघालेली दिसली, उरलेली चकती सहा-सहा महिन्यांनी बघायची ठरली. पुढच्या चारही वेळा ती होती तेवढीच होती. झटका एकही आला नाही. ती दोन वर्षं वहिनीने खाली काढली. नव्या ऑपरेटरांना जुन्या खुर्चीवर बसवून शिकवलं आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली, की हात अडला तर आधी बोला, मग सांभाळा. वैद्यकीय मंडळाने तिची फाइल तीनदा परत पाठवली. चौथ्यांदा, सर्जननी नकाशे, रेषांचे कागद आणि स्वतःच्या सहीची चार पानं जोडल्यावर, मंडळाने चाचणी द्यायला परवानगी दिली.

चाचणी साइटवरच झाली. परीक्षक बाहेरून आलेला, कडक इस्त्रीतला माणूस होता. दोन टन पाण्याची टाकी उचलायची, सहा खांबांमधून वळणं घेत न्यायची, पाणी सांडायचं नाही, खांबाला लागायचं नाही आणि चुन्याने आखलेल्या चौकोनात ठेवायची. वेळ नऊ मिनिटं. वहिनी अठ्ठेचाळीस मीटरची शिडी चढून वर गेली, मधल्या फळीवर एकदा थांबली आणि केबिनचं दार लावून घेतलं. खाली नवरा शाळेतलं स्टॉपवॉच घेऊन उभा होता. त्याने अर्धी रजा टाकली होती.

"वहिनी, तयार?" दीर वॉकीटॉकीवर म्हणाला.

"तयार."

टाकी जमिनीवरून उठली आणि उठताउठताच फिरायला लागली, फिरताफिरता ट्रॉली पुढे निघाली. पहिला खांब, दुसरा, तिसरा. चौथ्याशी तिने वेग कमी केला.

"पाऊण सेकंद उशीर," दीर म्हणाला. हे तो आता प्रत्येक वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा.

"वारा आहे वर. मुद्दाम घेतला."

"बरं."

पाचवा. सहावा. टाकी चौकोनात टेकली तेव्हा पाण्यावर नुसतं वलय होतं. सहा मिनिटं पन्नास सेकंद. सुतारांनी, सळया बांधणाऱ्यांनी, मिक्सरवाल्यांनी, ज्याच्या हातात जे होतं ते वाजवलं. परीक्षकाने टाकीभोवती फेरी मारली, खांब तपासले, वाकून चुन्याची रेघ बघितली आणि कागदावर खूण केली.

"उत्तीर्ण. त्यांना सही करायला खाली बोलवा."

दिराने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला, पण त्याच्याआधी मुकादम पुढे झाला. सकाळपासून नवव्या मजल्यावर माणसं सळयांची वाट बघत होती आणि परीक्षक फेरी मारत होता तेवढ्यात त्याने टाकी सोडवून भारा हुकाला अडकवला होता. "वहिनी," तो दिराच्या हातातल्या वॉकीटॉकीत ओरडला, "परीक्षा झाली असेल तर हे घ्या वर!"

"अहो, सही!" परीक्षक म्हणाला.

वरून खरखर झाली. "पाच वाजता उतरले की करते, म्हणावं," वहिनी म्हणाली. "भाऊजी, माणसं बाजूला घ्या. उचलतेय."